कागदाच्या कचेरीतील हसू

‘द ऑफिस’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका २४ मार्च २००५ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि १६ मे २०१३ रोजी संपली. नऊ पर्वांत मिळून तिचे २०१ भाग झाले. ती संपून एक तप उलटले, तरी आमच्या वाचकांच्या घरांतील महाविद्यालयीन मुलेमुली आजही ती पाहतात आणि त्यातील काही प्रसंग एकमेकांना सांगून हसतात. घरातील वडीलधाऱ्यांनी सहज डोकावून पाहावे, तर पडद्यावर एक सामान्य कचेरी, दहाबारा टेबले आणि सतत काहीबाही बरळणारा एक साहेब. यात हसण्यासारखे आहे तरी काय, असा प्रश्न त्यांना पडतो. तो प्रश्न आम्हाला रास्त वाटतो. या मालिकेतील जे भाग प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले त्यांपैकी काहींचा विचार करून त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

कथानकाची जागा पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्क्रॅन्टन हे शहर. एकेकाळी कोळशाच्या खाणींवर भरभराटलेले आणि खाणी थंडावल्यावर मागे पडलेले, आज सुमारे ७६ हजार वस्तीचे. तेथे ‘डंडर मिफ्लिन’ नावाच्या काल्पनिक कंपनीची एक शाखा आहे आणि तिचा धंदा कागद विकण्याचा. संगणकाच्या युगात कागद विकणाऱ्या माणसांवर विनोदी मालिका रचणे, ही कल्पनाच सूचक आहे. ही माणसे ज्या धंद्यात आहेत तो हळूहळू आटत चालला आहे, हे त्यांना ठाऊक आहे. तरीही रोज सकाळी ती येतात, दूरध्वनी उचलतात, गिऱ्हाइकाला भाव सांगतात. शाखाव्यवस्थापक मायकल स्कॉट (अभिनेता स्टीव्ह करेल) याला मात्र आपण एका मोठ्या कुटुंबाचे लाडके वडील आहोत असे वाटते. कर्मचाऱ्यांचे मत निराळे आहे.

मालिकेची मांडणी माहितीपटासारखी आहे. या कचेरीवर कोणी माहितीपट काढत आहे आणि त्याचे छायाचित्रक सर्वत्र फिरत आहेत, अशी ही बतावणी. विनोदी मालिकांत सर्रास ऐकू येणारा ध्वनिमुद्रित हशा येथे नाही. साहेबाने काही मूर्खपणाचे बोलावे, खोलीत अवघडलेली शांतता पसरावी आणि विक्री विभागातील जिम हॅल्पर्टने हळूच कॅमेऱ्याकडे पाहावे. ही नजर म्हणजे मालिकेची खूण होऊन बसली आहे. ‘पाहिलेत ना, आम्हाला काय सोसावे लागते ते!’ असे ती नजर आपल्याला सांगते, आणि तेवढ्या इशाऱ्याने आपण जिमच्या बाजूचे होतो. मायकलला हसण्याचा परवाना आपल्याला मिळतो.

ही रचना अमेरिकेची स्वतःची नव्हे. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांनी बीबीसीसाठी केलेली मूळ इंग्लिश मालिका जुलै २००१ मध्ये सुरू झाली. स्लाऊ या गावातील कागदाचीच कचेरी, आणि दोन पर्वांचे मिळून अवघे बारा भाग. योगायोग असा, की त्याच २००१ साली आपल्याकडे पंकज कपूर यांची ‘ऑफिस ऑफिस’ ही हिंदी मालिका आली. तिच्यातील मुसद्दीलाल खिडकीबाहेर उभा राहून हेलपाटे घालतो. कचेरी ही आपल्याला बाहेरून दिसलेली, अडवणूक करणारी वास्तू, म्हणून आपला विनोदही खिडकीच्या बाहेरच्या बाजूने केलेला. ‘द ऑफिस’ खिडकीच्या आत बसली आहे. आयुष्यातले जागेपणीचे निम्मे तास ज्यांच्यासोबत घालवायचे ती माणसे आपण निवडलेली नसतात, हे तिचे मूळ सूत्र आहे. २०१९ साली या मालिकेची हिंदी आवृत्तीही निघाली, यावरून हे सूत्र आपल्याकडेही लागू पडते असे निर्मात्यांना वाटले असावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पहिल्या भागापासून ही मालिका आपल्या हाती हसण्याचा परवाना देते, पण तिचे जे भाग खरोखर स्मरणीय ठरले, त्यांत ती तो परवाना आपल्याकडून परत घेते. हसता हसता आपल्याला कळते की ज्याला आपण हसत होतो त्याच्याकडे आपण नीट पाहिलेलेच नव्हते.

‘द डंडीज’ (२० सप्टेंबर २००५) हा दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग याचा पहिला ठळक दाखला. मायकल दरवर्षी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एका उपाहारगृहात बक्षीससमारंभ भरवतो. बक्षिसे भलतीसलती, भाषण कंटाळवाणे, गाणी त्याहून वाईट. कर्मचारी माना खाली घालून बसलेले. स्वागतिका पॅम बीझली हिला तर दरवर्षी तिच्या लांबत चाललेल्या वाङ्‌निश्चयाची थट्टा करणारे बक्षीस मिळत आले आहे. तिचा भावी नवरा गोदामात कामाला आहे, आणि लग्नाची तारीख काही ठरत नाही. इतक्यात शेजारच्या टेबलावरचे परके लोक मायकलची टर उडवू लागतात. त्याचा आवाज खाली जातो, तो समारंभ आवरता घेऊ पाहतो. आणि तेव्हा पॅम टाळ्या वाजवू लागते. पाठोपाठ बाकीचेही. जे घरचे म्हणून कुरकुरत होते, ते बाहेरच्यांनी हसताच त्याच्या पाठीशी उभे राहतात. यंदाचे तिचे बक्षीसही बदललेले आहे. जिमने आधीच साहेबाच्या कानावर घातल्यामुळे ती जुनी थट्टा गळली असून तिच्या पांढऱ्याशुभ्र बुटांचा गौरव झाला आहे. ही एक क्षुल्लक गोष्ट. पण कोणीतरी आपल्या दुखऱ्या जागेची काळजी घेतली, हे तिला न सांगता कळते.

आमच्या मते या मालिकेचा सर्वोत्कृष्ट भाग ‘बिझनेस स्कूल’ (१५ फेब्रुवारी २००७) हा होय. त्यात दोन प्रसंग समांतर चालतात. कचेरीतील तरुण कर्मचारी रायन व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेतो आहे. तो मायकलला आपल्या वर्गात व्याख्यान द्यायला नेतो. मायकल तेथे पाठ्यपुस्तकाची पाने फाडून नाटकी आवेशात बोलतो आणि आपण हसतो. पण रायनने ओळख करून देतानाच वर्गाला सांगून ठेवलेले असते की ही कंपनी काही वर्षांत कालबाह्य होणार आहे. विद्यार्थ्यांच्या प्रश्नांतून ते मायकलला कळते. ज्याला त्याने आपला मानला, त्यानेच चारचौघांत त्याच्या आयुष्याच्या कामाचा मृत्युलेख वाचला. मायकल रायनला कामावरून काढत नाही, फक्त त्याचे टेबल मागच्या खोलीत, बडबड्या केली कपूरजवळ हलवतो. ही शिक्षा हसवणारी आहे, तशीच समंजसही.

त्याच संध्याकाळी पॅमच्या चित्रांचे प्रदर्शन असते. कलावर्गातील विद्यार्थ्यांचे साधे प्रदर्शन. तिने सगळ्यांना बोलावलेले असते. जिम येत नाही. रॉय येतो, प्रियकराचे कर्तव्य उरकल्यासारखा चित्रांवरून नजर फिरवतो आणि निघतो. हिशेब खात्यातील ऑस्कर आपल्या स्नेह्याबरोबर येतो. या चित्रांत धैर्य नाही, सच्चेपणा नाही, असे ते दोघे बोलतात आणि ते नेमके तिच्या कानी पडते. ती चित्रे उतरवू लागते. तेवढ्यात उशीर झालेला मायकल धावतपळत येतो. तो चित्रांसमोर उभा राहतो आणि खरोखर पाहतो. त्यांच्या कचेरीच्या इमारतीचे एक लहानसे जलरंगचित्र असते. आपली खिडकी, आपली गाडी त्याला त्यात ओळखू येते. ‘तुझा अभिमान वाटतो’ असे तो सांगतो आणि ते चित्र विकत मागतो, कचेरीत लावण्यासाठी. पॅम त्याला मिठी मारते.

या प्रसंगात विनोद जवळजवळ नाहीच. कॅमेऱ्याकडे पाहणारा जिमही तेथे नाही. टीकाकाराच्या दृष्टीने पाहिले तर ऑस्करचे मत कदाचित बरोबरही असेल. चित्र असामान्य नाही. परंतु मायकल चित्राची परीक्षा करायला आलेला नव्हता. सकाळी त्याच्या कामाला कोणी किंमत दिली नव्हती, संध्याकाळी तो दुसऱ्याच्या कामाला किंमत द्यायला आला. लेखकाने हा संबंध कोठेही बोलून दाखवलेला नाही, आणि म्हणूनच तो मनात उतरतो. कागदविक्रीच्या कचेरीचे चित्र काढावेसे एखाद्याला वाटले, आणि ते भिंतीवर लावावेसे दुसऱ्याला वाटले. या मालिकेला जे म्हणायचे आहे, ते एवढेच आहे.

‘स्ट्रेस रिलीफ’ हा दुहेरी लांबीचा भाग १ फेब्रुवारी २००९ रोजी, फुटबॉलच्या ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्यापाठोपाठ दाखवला गेला आणि २ कोटी २० लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. आगीच्या वेळी कसे वागावे याची परीक्षा घेण्यासाठी ड्वाइट श्रूट हा उत्साही कर्मचारी दारे बंद करून खरोखरच धूर करतो. मग जो हलकल्लोळ माजतो, तो मूकपटाच्या जमान्यातील धांदलीची आठवण करून देतो. पण त्या गोंधळात वयस्क स्टॅन्ली हडसन हृदयविकाराच्या झटक्याने कोसळतो. तो बरा होऊन परततो तेव्हा त्याच्या जवळ ताण मोजणारे एक यंत्र असते, आणि साहेब जवळ आला की ते वाजू लागते. यंत्र खोटे बोलत नाही. आपल्या माणसांचा ताण आपणच आहोत, हे मायकलला कळते. त्यावर उपाय म्हणून तो सर्वांना जाहीर मोकळीक देतो की एकेकाने पुढे येऊन माझी यथेच्छ टिंगल करावी. ते करतात, आणि करता करता थट्टेची सीमा ओलांडतात. दुसऱ्या दिवशी मायकल कामावर येत नाही. परततो तेव्हा प्रत्येकाची एकेका वाक्यात फिरकी घेतो, आणि स्टॅन्ली, जो या मालिकेत क्वचितच हसतो, तो खदखदून हसतो. त्याच्या हसण्याने खोली मोकळी होते. हसणे हे शस्त्रही असते आणि औषधही, हे एका तासात इतक्या स्वच्छपणे दाखवलेले आम्ही फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

भारतीय वाचकाला ‘दिवाली’ (२ नोव्हेंबर २००६) या भागाविषयी कुतूहल वाटेल. तो मिंडी केलिंग या भारतीय वंशाच्या लेखिकेने लिहिला आहे. केली कपूरची भूमिकाही तिचीच. पहिल्या पर्वातील ‘डायव्हर्सिटी डे’ (२९ मार्च २००५) या भागात मायकलने भारतीय उच्चारांची नक्कल करताच केली त्याच्या थोबाडीत मारते. त्या चपराकीतून आपल्याला समाधान मिळते खरे, पण केली म्हणजे कोण, हे तेथे कळत नाही. ‘दिवाली’त ती यजमान आहे. कचेरीतील सारे तिच्या समाजाच्या सोहळ्याला जातात. गंमत अशी की दिवाळी म्हणजे काय, हे केलीला स्वतःलाच नीट सांगता येत नाही. परदेशी वाढलेल्या मुलांना आजीआजोबांचे सण माहीत असतात, पण त्यांचा अर्थ सांगा म्हटले की त्या गोंधळतात. आखातात, कॅनडात वा ऑस्ट्रेलियात ज्यांची नातवंडे वाढत आहेत अशा आमच्या वाचकांना हे बारकाईचे निरीक्षण पटल्याखेरीज राहणार नाही. ज्या माणसांना आजवर केवळ नकलेचा विषय केले गेले, त्यांच्यापैकी एकीच्या हाती लेखणी आली की विनोदाची दिशा कशी बदलते, याचे हे उदाहरण आहे.

येथवर आम्ही मालिकेच्या बाजूने बोललो. आता एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. ‘स्कॉट्स टॉट्स’ (३ डिसेंबर २००९) हा भाग कित्येक प्रेक्षकांना पाहवत नाही, आणि त्याचे कारण योग्य आहे. दहा वर्षांपूर्वी मायकलने तिसरीतील गरीब मुलांच्या एका वर्गाला शब्द दिला होता की तुम्ही शालान्त परीक्षा पार करा, महाविद्यालयाचा खर्च मी देईन. मुले मोठी झाली. ती त्याच्या सत्कारासाठी गाणी गातात, नाचतात, वाचनाच्या खोलीला त्याचे नाव देतात. आणि त्याच्याजवळ पैसे नाहीत. तो त्यांना देतो काय, तर लॅपटॉपच्या बॅटऱ्या. परतताना एरिन ही त्याची भाबडी सहकारी त्याला धीर देते की तुमच्या शब्दामुळेच या वर्गातील नव्वद टक्के मुले शिक्षण पूर्ण करत आहेत, शाळेतील इतर वर्गांपेक्षा खूप अधिक.

हे सांत्वन आम्हाला स्वस्त वाटते. आशेने मुले शिकली हे खरे असेल, पण ज्याने आशा दाखवली त्याचे ऋण त्यामुळे फिटत नाही. ‘द डंडीज’मध्ये मायकलच्या मूर्खपणाची किंमत मायकलच मोजत होता. येथे ती मुले मोजतात, आणि मालिका मात्र मायकलच्याच दुःखाजवळ बसून राहते. त्या मुलांच्या घरी त्या रात्री काय झाले, हे पाहण्यासाठी कॅमेरा जात नाही. दया दाखवण्यापूर्वी अन्यायाची मोजदाद व्हावी लागते; ती टाळली की दयेचे रूपांतर सोयीत होते. मूळ इंग्लिश मालिका या बाबतीत अधिक कठोर होती. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस कामावरून कमी केलेला डेव्हिड ब्रेंट गयावया करतो, आणि कोणीही त्याच्यासाठी शिडी टाकत नाही. अमेरिकन मालिकेला आपल्या नायकाचा मोह पडला, हे तिचे बळ आणि तिची उणीवही.

या मोहापासून पूर्णतः मुक्त असा एक भाग मात्र आहे: ‘डिनर पार्टी’ (१० एप्रिल २००८). मायकल आणि त्याची सहचरी जॅन काही जोडप्यांना जेवायला बोलावतात. जेवण रात्री उशिरापर्यंत शिजतच नाही आणि यजमानांचे भांडण मात्र केव्हाच उकळू लागलेले असते. भिंतीवरचा दोनशे डॉलरचा इवलासा दूरदर्शन संच मायकल कौतुकाने दाखवतो. थोड्याच वेळात जॅन त्यावर एक बक्षीसचिन्ह फेकून तो फोडते. पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या अरुंद बाकावर मायकल रोज झोपतो, हेही पाहुण्यांना कळते. हसता हसता अंगावर काटा येतो. या रात्री निमंत्रणाशिवाय आलेला असतो तो ड्वाइट, आणि तोही स्वतःचे जेवण घेऊन. शेवटी मायकलला आसरा देतो तो हाच. ज्याची सारी कचेरी थट्टा करते त्याच्या घरी साहेबाला रात्रीपुरती जागा मिळते. लेखकद्वयाने यावर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही, याबद्दल आम्ही त्यांचे कौतुक करतो.

सातव्या पर्वातील ‘गुडबाय, मायकल’ (२८ एप्रिल २०११) या भागात स्टीव्ह करेल मालिकेतून निरोप घेतो. समारंभांचा एवढा शौक असलेला हा मनुष्य सर्वांना निघण्याचा खोटा दिवस सांगतो आणि एक दिवस आधीच, कोणाला न कळू देता, जातो. विमानतळावर तो अंगावरचा ध्वनिग्राहक काढून छायाचित्रकांच्या हाती देतो. तेवढ्यात पॅम धावत येते. दोघे काही बोलतात, ती त्याला मिठी मारते. ते शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत. सात पर्वे या माणसाचा प्रत्येक गबाळा शब्द आपण ऐकला, त्याच्या प्रत्येक फजितीला आपण साक्षी राहिलो. या एका क्षणी मालिका आपल्या तोंडावर दार लावून घेते. आपल्याला पाहू देते, ऐकू देत नाही. ज्याला आपण हसत आलो त्यालाही एक खाजगी आयुष्य आहे, हे सांगण्याचा याहून सभ्य मार्ग आम्हाला सुचत नाही.

करेल गेल्यानंतरची दोन पर्वे, प्रामाणिकपणे सांगायचे तर, उतरणीची आहेत. साहेबाची खुर्ची कोणाची, या प्रश्नात कथानक अडकून पडते आणि जुन्या पात्रांचे स्वभाव गरजेप्रमाणे वाकवले जातात. पालकांसाठी एक सूचनाही येथेच करतो. मालिकेतील भाषा व काही विषय लहान मुलांसमवेत पाहण्याजोगे नाहीत. जाणत्या मुलांबरोबर मात्र यातील निवडक भाग पाहून त्यांवर बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

उतरणीनंतरही अखेरच्या भागात मालिका सावरते. माहितीपट प्रदर्शित झाला आहे, माणसे पांगली आहेत आणि ड्वाइटच्या लग्नासाठी पुन्हा जमली आहेत. मायकलही येतो, दोनचार वाक्येच बोलतो आणि आपला मोठेपणा मिरवत नाही. तो शहाणा झाला आहे हे आपल्याला त्यावरूनच कळते. आणि कचेरीतून शेवटचे निघताना पॅम भिंतीवरून एक चित्र उतरवून घेते. तेच जलरंगचित्र, जे इतकी वर्षे तिच्या टेबलाजवळ लटकत होते आणि ज्याच्याकडे आपण कदाचित लक्षही दिले नव्हते. एका सामान्य कागदकंपनीवर कोणी माहितीपट का काढावा, याचे तिला सुरुवातीला नवल वाटले होते. आता तिला उमगले आहे की सामान्य गोष्टींतही सौंदर्य असते.

वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. पण मुलांना विचारायचेच असेल तर तुम्ही कोठे हसलात, हे विचारू नका. तुमचे हसू कोठे थांबले, ते विचारा. प्रत्येक कचेरीत, प्रत्येक मंडळात आणि बहुतेक घरांत लोक ज्याच्या पाठीमागे नजरानजर करतात असा एखादा मायकल असतोच. तो कधीतरी एखादे बेंगरूळ बक्षीस घेऊन येतो, किंवा उशिरा का होईना, आपले चित्र पाहायला येतो. त्या वेळी आपण कोणाकडे पाहतो, कॅमेऱ्याकडे की त्याच्याकडे, एवढाच प्रश्न ही मालिका आपल्यापुढे ठेवून जाते.